उभ्या गाडीची बॅटरी

या आठवड्यात एकच पत्र घेतेय. तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा वाटलं की याला चार ओळींत उत्तर देऊन मोकळं होणं बरोबर नाही. पत्र लिहिणारे दादा एसटीत चालक होते, विटा डेपो, ३१ वर्षं नोकरी, अठ्ठावन्न पूर्ण झाली तसे निवृत्त झाले आणि आता पुण्यात वारज्याला मुलाकडे राहतात, सातव्या मजल्यावर. नाव छापू नका म्हणालेत. पत्रातला मुख्य भाग त्यांच्याच शब्दांत देते.

"ताई, मला कसली कमी नाही. मुलगा चांगला, सून चांगली, नातू सहा वर्षांचा. सगळे म्हणतात आयुष्यभर राबलात, आता आराम करा. आठ महिने आरामच करतोय. उठलो की चहा, पेपर, मग बाल्कनीत बसायचं, मग टीव्ही, मग मोबाईल, जेवलो की झोप. संध्याकाळी कुणी विचारलं आज काय केलं तर सांगता येत नाही. वार आठवत नाही. परवा नातवाच्या मित्राचं नाव तिसऱ्यांदा विचारलं तर पोरगं हसलं. विटा-स्वारगेट मला झोपेत पाठ होती, कुठं खड्डा कुठं गतिरोधक सगळं, आणि आता खाली दुकानात गेलो की काय आणायला आलो तेच आठवत नाही. चिडचिड होते, बायकोवर ओरडतो. ती म्हणते रात्री झोपेत तुमचा उजवा पाय दाबला जातो, ब्रेक मारल्यासारखा. मुलाची गाडी आहे पण तो कंपनीच्या बसनं जातो, सूनबाईकडं लायसन आहे पण पुण्यात चालवायला घाबरते, म्हणून गाडी खाली धूळ खात उभी आहे. गाडी महिनाभर उभी राहिली की बॅटरी उतरते, तसं माझ्या डोक्याचं झालंय काय? सूनबाई म्हणते सुडोकू सोडवा. हे म्हातारपण आहे, का डोकं जायची सुरुवात आहे, का मी आळशी झालोय, एवढं सांगा."

दादा, नमस्कार. आधी डॉक्टरचं बोलते, कारण ते करून टाकलं की बाकीचं मोकळेपणाने बोलता येईल. एकदा साधी तपासणी करून घ्या, साखर, बीपी, थायरॉईड आणि ब-१२, यातलं एखादं बिघडलं तरी माणूस विसरतो, सुस्त होतो, आणि त्यावर उपाय असतो. कान पण तपासा, हे जास्त जोर देऊन सांगते. ३१ वर्षं इंजिन तुमच्या डाव्या हाताशी घुरघुरत होतं आणि वर हॉर्न. कमी ऐकू येणाऱ्या माणसाला वाटतं आपण विसरलो, पण नातवाच्या मित्राचं नाव कदाचित पहिल्यांदा नीट ऐकूच आलं नसेल, मग लक्षात कुठून राहणार. २०२४ साली लॅन्सेट या मेडिकल जर्नलच्या तज्ज्ञांच्या गटाने स्मृतिभ्रंश ज्यामुळे वाढतो अशा पण ज्यावर काहीतरी करता येतं अशा १४ गोष्टी सांगितल्या, त्यात ऐकू कमी येणं आहे, नजर कमी होणं आहे, नैराश्य आहे, शरीराची हालचाल बंद होणं आहे आणि माणसांत नसणं पण आहे, आणि या चौदाही सांभाळल्या तर जवळपास ४५ टक्के केसेस टाळता किंवा लांबवता येतील असा त्यांचा हिशोब आहे. तुमच्या पत्रात यातल्या दोन-तीन तर मला सरळ दिसतायत.

चिडचिडीच्या मागे उदासपणा असेल, झोप लागत नसेल, जगण्यात काही राम नाही असं वाटत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, लाजू नका. सरकारची टेली-मानस म्हणून फोनसेवा आहे, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

मला काळजी कधी वाटली असती सांगू? रोजच्या रस्त्यावरून घरी येताना तुम्ही चुकला असता, पैशांचा हिशोब जमेना झाला असता, पाच मिनिटांत तोच प्रश्न पुन्हा विचारला असता आणि आधी विचारल्याचं भानच नसतं, तर. तसं काही तुम्ही लिहिलेलं नाही. उलट आठ ओळींत तुम्ही तुमचा अख्खा दिवस इतका नेमका मांडलाय की डोकं गेलेल्या माणसाला ते जमलं नसतं. वार आठवत नाही कारण मंगळवार आणि शुक्रवार यात फरक करणारं काहीच तुमच्याकडे उरलेलं नाही. ड्युटी चार्ट होता तेव्हा वार होता, साप्ताहिक सुट्टी होती, मुक्कामी गाडीची रात्र होती, आता सगळे दिवस एकाच रंगाचे झालेत तर डोक्याने ते वेगळे ठेवायचे कशाच्या आधाराने.

आता आळशीपणाचं. ऑस्ट्रियात व्हिएन्नाच्या जवळ मारिएन्थाल म्हणून एक छोटं गाव आहे, सगळं गाव एका कापडगिरणीवर जगायचं, आणि ती गिरणी १९३० पर्यंत पूर्ण बंद पडली. ४७८ कुटुंबं, त्यातल्या तीनचतुर्थांशहून जास्त घरांत कमावतं कुणीच नाही. मारी याहोदा नावाची तरुण संशोधक आणि तिचे सहकारी तिथे गेले, घराघरांत बसले, लोकांना कपडे वाटले, आजार बघितले, आणि सगळं टिपून ठेवलं. कुणालाही वाटेल की माणसं आता रिकामी आहेत तर वाचतील, सभा घेतील, बागा फुलवतील. झालं उलटंच. गावात वाचनालय होतं, आधी पुस्तकाला थोडे पैसे पडायचे, नंतर तेही माफ केले, तरी पुस्तकं नेणं दोन वर्षांत निम्म्यावर आलं. पुरुषांनी खिशात घड्याळ ठेवणं सोडलं. रस्त्यावरून जाताना पुरुष सारखे थांबायचे, उगाच उभे राहायचे, आणि बायका भराभरा पुढे निघून जायच्या. आणि दादा, ज्या गोष्टीने मला तुमचं पत्र वाचताना धस्स झालं ती ही, की त्यांनी पुरुषांना दिवसभराचा तक्ता भरायला दिला, कुठल्या तासाला काय केलं, तर बऱ्याच जणांना उठलो, जेवलो, झोपलो यापलीकडे काही लिहिताच येईना. तुमचं "सांगता येत नाही" ते हेच. ती माणसं आळशी नव्हती हो, दोन वर्षांपूर्वी तीच पाळीवर वेळेत जात होती.

हे मी पुस्तकी म्हणून सांगत नाही, मी घरात बघितलंय. माझे मामा लालबागला चाळीत राहायचे आणि गिरणीत साचेखात्यात, म्हणजे माग चालतात त्या खात्यात, होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर, आणि पहिले काही आठवडे मामा जोरात होते, सभा, मोर्चे, गॅलरीत पत्त्यांचे डाव, मोठमोठ्याने चर्चा. मग सगळं हळूहळू खाली बसत गेलं. मी तेव्हा शाळेत होते, मे महिन्यात राहायला गेले तर मामा गॅलरीत कठड्याला हात टेकून उभे, सकाळी बघितलं तेव्हा तिथेच आणि दुपारी पाणी भरायला उठले तरी तिथेच. भोंगा बंद झालेला तरी सहाच्या आधी उठून बसायचे, तोंड धुऊन तयार, आणि मग जायला कुठेच नाही. खाण्यापिण्याची ओढाताण होती ती होतीच, तिला मी कमी लेखत नाही, कित्येक घरं त्यात गावी गेली, कित्येक मोडली. पण मामीवर पण तीच ओढाताण होती आणि मामीचं डोकं शाबूत होतं, कारण तिला पहाटे उठून सात माणसांचे डबे भरायचे होते, खानावळ घेतलेली तिने. मामा मात्र भाजी आणायला सांगितली की मीठ घेऊन यायचे. मामी काही बोलायची नाही, परत पाठवायची.

त्यांना बाहेर कशाने काढलं तर एका किल्लीने. चाळीच्या मंडळाचं वाचनालय होतं, तळमजल्यावर एक खोली, दोन बाकडी, पेपर आणि जुनी मासिकं. उघडणारे गृहस्थ गावी गेले आणि किल्ली कुणीतरी मामांकडे दिली, तात्पुरती. सकाळी साडेसहाला उघडायचं, कारण सात वाजता म्हातारी मंडळी पेपर वाचायला यायची, आणि पाच मिनिटं उशीर झाला तर ती दारात उभी राहून हाका मारायची. बस, एवढंच काम, पगार शून्य. दिवाळीत मी परत गेले तर मामांनी सगळी पुस्तकं काढून झटकून त्यांना खाकी कागदाची कव्हरं घातलेली, आणि वहीत नंबर टाकलेले, सुबक अक्षरात, साचेखात्यातल्या माणसाचं अक्षर इतकं चांगलं असेल हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. कुणाकडे कुठलं पुस्तक किती दिवस आहे ते तोंडावर सांगायचे, वही न बघता.

म्हणून सुडोकूबद्दल माझं मत सांगते, सूनबाईंनी प्रेमाने सांगितलंय, सोडवा, वाईट काहीच नाही. पण सुडोकू सोडवला नाही तर दारात उभं राहून हाका कोण मारणार? तुमची ३१ वर्षं आठवा, पहाटे साडेपाचची गाडी म्हणजे साडेपाचच, कडेगावच्या फाट्यावर अंधारात दुधाचे कॅन घेऊन माणसं उभी, कुणाची कॉलेजची परीक्षा, कुणी पेशंट घेऊन कराडला निघालेला, तुम्ही नाही आलात तर त्यांचा दिवस बुडाला. डोकं त्याच्यावर चालत होतं. पगार, पेन्शन, आदर हे सगळं आहेच, पण कुणीतरी आपल्यासाठी थांबलंय हे माहीत असलं की माणूस आपोआप वार लक्षात ठेवतो.

तर मला वाटतं तुम्हाला पहिली अशी एक गोष्ट हवी जी ठरलेल्या वेळेला करायची आहे आणि नाही केली तर दुसऱ्याचं अडेल. ती तुमच्या पत्रातच आहे, खाली धूळ खात उभी आहे. सूनबाईंना गाडी शिकवा. तुम्ही लिहिलंय (वर छापलं नाही) की २५ वर्षं विनाअपघात सेवेचा बिल्ला तुम्हाला मिळालाय आणि तो कपाटात ठेवलाय. दादा, पन्नास-पन्नास माणसं पाठीमागे बसवून पावसाळ्यात घाट चालवलेला माणूस घरात असताना ती पोरगी रिक्षाला पैसे घालते हे बरोबर नाही. सकाळी सहाला रस्ते रिकामे असतात, रोज अर्धा तास, रविवारी सुट्टी. पण शिकवताना डेपोत नव्या चालकाला दम द्यायचात तसा देऊ नका, ती घाबरलेली आहे, पहिले चार दिवस नुसतं क्लच आणि आरसे, मेन रोडला नेऊच नका. आणि आज काय शिकवलं, उद्या काय घ्यायचं हे रात्री वहीत लिहायचं. लॉगशीट भरायचात ना, तसंच समजा.

दुसरी गोष्ट जरा वेगळी आहे आणि ती तुम्हाला लिहू की नको असा मी विचार केला, कारण पहिल्यांदा वाचताना तुम्हाला लागेल. लंडनमध्ये टॅक्सीवाल्याला परवाना मिळवायला शहराच्या मध्यापासून सहा मैलांच्या आतले जवळपास २५,००० रस्ते पाठ करावे लागतात, तीन-चार वर्षं जातात त्यात. २००० साली एलेनॉर मॅग्वायर या संशोधक बाईंनी त्यांच्या मेंदूचे फोटो काढले तर जागा आणि आठवणी सांभाळणारा हिप्पोकॅम्पस म्हणून जो भाग असतो त्याचा मागचा हिस्सा यांच्यात मोठा दिसला, आणि जितकी नोकरी जास्त तितका जास्त. पूर्ण वाढ झालेल्या माणसाचा मेंदू पण कामाने बदलतो हे त्यातून जगाला कळलं. मग २००६ मध्ये त्यांनीच टॅक्सीवाल्यांची तुलना बसचालकांशी केली, तेच शहर, तेच ट्रॅफिक, तोच ताण, तेवढीच वर्षं, फरक एवढाच की बसचा रूट ठरलेला. बसचालकांमध्ये ती वाढ दिसली नाही.

तुमचं काम कमी होतं असा याचा अर्थ काढू नका, माझ्या लेखी बसचालकाइतकं जबाबदारीचं काम थोड्यांचं आहे. पण यातून तुमच्या उपयोगाचं एक निघतं, की जे पाठ आहे तेच उगाळून मेंदूला खुराक मिळत नाही, त्याला नवीन रस्ता लागतो. विटा-स्वारगेट आता तुमच्या हाडात गेलीय, ती काही जात नाही. पण पुणं तुम्ही कधी बघितलंय? ३१ वर्षं येऊन तुम्ही कात्रजवरून स्वारगेटला आलात, चहा घेतला, विश्रांतीगृहात पाठ टेकली आणि परत फिरलात. वारज्यातून पीएमपीच्या बसेस सुटतात, आठवड्यातून तीन दिवस एक नवीन रूट घ्यायचा, शेवटच्या थांब्यापर्यंत जायचं, मोबाईलचा नकाशा बंद ठेवायचा, चालकाच्या मागच्या सीटवर बसायचं आणि घरी आल्यावर थांबे क्रमाने वहीत उतरवायचे. चुकतील. दुसऱ्यांदा जाऊन दुरुस्त करायचे. एके दिवशी वनाजला जाऊन मेट्रोत बसा, जिल्हा न्यायालय (सिव्हिल कोर्ट) स्टेशनला उतरून स्वारगेटची लाईन पकडा, ज्या स्वारगेटला आयुष्यभर वरून आलात तिथे जमिनीखालून पोचाल, आणि वर येऊन बघा स्टँड कुठल्या बाजूला आहे ते न विचारता सांगता येतं का. नातवाला शनिवारी बरोबर न्या, त्याला विचारू दे आणि तुम्ही सांगा, आता पुढचा कुठला. पोरांना हे फार आवडतं.

मोबाईलचं जास्त बोलत नाही, तुम्हाला कळतंय. एवढंच सांगते की बाल्कनीत बसून खालची गाडी कुठल्या कंपनीची आणि कुठल्या पासिंगची हे ओळखणं त्या व्हिडिओंपेक्षा बरं, त्यात निदान डोळे आणि डोकं तुमचं स्वतःचं चालतं. आणि दुपारी झोपा खुशाल, वीस मिनिटं अर्धा तास, दोन तास नको, मग रात्र लांबते आणि पाय ब्रेक शोधतो.

वहिनींबद्दल एक बोलते, रागावू नका. तुम्ही लिहिलंय बायकोवर ओरडतो, पुढे काही लिहिलं नाही. त्या पण गाव सोडून आल्यात. विट्यात त्यांची गल्ली होती, मंगळवारचं भजन असेल, शेजारीण असेल, ते सगळं सोडून सातव्या मजल्यावर आल्या आणि त्यांचं काम मात्र काही निवृत्त झालं नाही, तीच कणीक तीच भांडी, आणि वर आता दिवसभर घरात बसलेला चिडलेला माणूस. मारिएन्थालच्या बायकांना पण घरकाम पुष्कळ होतं, तरी त्या सांगायच्या की गिरणी परत सुरू झाली तर आम्ही जाऊ, चार माणसांत होतो तिथे. मग वहिनींना चार माणसं कुठून मिळणार हे पण तुम्हीच बघा. पीएमपीच्या एखाद्या फेरीला त्यांना घेऊन जा. आणि सकाळचा चहा तुम्ही करा, वेळेवर, रोज, तीही एक ड्युटी धरा. मुक्कामी गाडीवर स्वतःचा चहा स्वतः करायचातच की.

तुमच्या मुलासाठी दोन ओळी, त्याला वाचायला द्या. बाळा, तू वडलांना आराम करा म्हणतोस ते मायेने म्हणतोस, माझ्या ध्यानात येतंय, लहानपणी तू त्यांना दिवाळीला घरी बघितलं नसशील कारण दिवाळीलाच जादा गाड्या असतात. पण आता त्यांना कामं सांग. खरी कामं सांग, मन रमवायला दिलेलं खोटं काम त्यांना लगेच कळेल. सोसायटीत पाण्याचा टँकर यायचा असेल तर ती वेळ त्यांच्याकडे दे, मुलाला शाळेच्या बसला सोडणं पूर्ण त्यांच्याकडे दे आणि मागे मागे फोन करून विचारू नकोस. एखाद्या दिवशी चुकेल काहीतरी, चुकू दे.

दादा, तुमचा बॅटरीचा प्रश्न राहिला. तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता, उभ्या गाडीची बॅटरी उतरली म्हणून कुणी गाडी भंगारात काढत नाही, धक्का देऊन चालू करतात, आणि चालू झाली की लगेच बंद करायची नसते, जरा लांब फिरवून आणायची असते. पहिले आठ-दहा दिवस जड जातील, सकाळी सहाला सूनबाईंना नको वाटेल, तुम्हाला पण नको वाटेल, पाऊस असेल, तरी खाली उतरा. महिन्याभराने मला परत लिहा, तपासणीत काय निघालं ते कळवा, सूनबाईंनी गाडी कुठपर्यंत नेली ते कळवा, वहिनींना विचारा रात्री पाय अजून दाबला जातो का. आणि पत्राबरोबर विटा-स्वारगेटचे सगळे थांबे क्रमाने लिहून पाठवा, विनंती थांबे धरून, खंबाटकीला पुण्याकडे येताना बोगदा आणि परतताना घाट असे दोन्ही बाजूंचे वेगळे. मला त्या रस्त्याचं कराड, उंब्रज, सातारा, शिरवळ एवढंच माहितीय.